उगवली नाही ती मेथी

विश्रांतवाडी, पुणे
१२ जानेवारी २००४

सौ. मुक्ताईस, देव तुला सुखी ठेवो.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथे कॉम्प्युटर कंपनीच्या बागेत मी झेंडूचं बी पेरलं आणि ऊन लागू नये म्हणून वर उपटलेलं गाजरगवत अंथरलं. एकही रोप आलं नाही. शेतकी शिकलेल्या पूर्वा मॅडम म्हणाल्या, "अहो काका, त्याचा रस मातीत उतरतो, बी उगवूच देत नाही. तुम्ही तर पांघरूणच घातलंत!"

पाणी पळवणारं तण मला कळतं. हे कळत नाही. देवाने असं गवत का केलं असेल?

दिवाळीत तुझ्या मेथीवर मी तेच अंथरलं होतं. ती उगवली नाही, तेव्हा शेजारणींसमोर तुझ्याच हाताला गुण नाही म्हणालो.

मेथी माझ्यामुळे गेली, हे त्यांना तू सांगशील, की मीच येऊन सांगू?

तुझा,
रंगनाथ