तुझ्यासाठी काढलेला कोरा फॉर्म

माय, गेल्या चार आठवड्यांत छातीतल्या धडधडीमुळे रोजची कामं करायला किती त्रास झाला, असं कुणी तुला विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस? मला याचं उत्तर देता येत नाही. एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे फारच. हा प्रश्न मी आता रोज विचारते, तेच माझं काम आहे. ज्यांच्या हृदयाचे ठोके मधेच वेडेवाकडे पळायला लागतात अशा माणसांच्या घरी जायचं, फॉर्ममधले प्रश्न जसेच्या तसे वाचायचे आणि ते सांगतील त्या आकड्याभोवती गोल करायचा. ठोके कसे पडतात ते मशीनच्या पट्टीवर दिसतं, पण ते घेऊन माणूस जगतो कसा ते पट्टीवर उमटत नाही, असं आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात. मला ते पटलं, म्हणून बी.एस्सी. झाल्यावर नागपूरला न जाता मी गडचिरोलीतच राहिले. फॉर्मवरून ज्यांचा त्रास जास्त दिसतो, त्यांना बाहेरून येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे आधी बोलावतात. म्हणजे माझ्या गोलावर कुणाची तरी पाळी ठरते.

यंदा रोवण्याच्या दिवसांत मी आरमोरीच्या पुढच्या एका गावी गेले. बायका सगळ्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान रोवायला गेलेल्या, आणि ही बाई मात्र घरापुढच्या सपरीत बसलेली. पंचेचाळीसच्या आतबाहेर असेल. मी वाचत गेले आणि ती हसत गेली. "बाई, मले काईच तरास नाई. मस्त हाये मी. तू च्या घेशील का, थे सांग पयले." मी सगळीकडे एकवर गोल केले. निघताना तिचा नवरा म्हणाला, "तिले कायचा तरास होते? दिवसभर बसूनच राह्यते. महाराणी हाये थे." "जळतेत हे माह्यावर," ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. हसता हसता तिनं अंबाडा सोडला, केस झटकले आणि परत बांधला. मी ते पाहिलं. फॉर्म पिशवीत गेला होता आणि माझी बस यायची होती.

बसमधून बांध्या दिसत होत्या. बायकांची रांग वाकून मागे मागे सरकत होती, आणि एक बाई बांधावर बाकीच्यांची लेकरं घेऊन बसली होती. तिथे मला तू दिसलीस.

माझ्या शाळेच्या दिवसांतली तू बोरिंगवरून पाण्याचा गुंड घेऊन येते आहेस. शेजारच्या काकूच्या कुंपणापाशी गुंड खाली ठेवतेस, अंबाडा सोडतेस, सावकाश परत बांधतेस. काकू आतून ओरडते, "काऊन वं, किती बार केस बांधते? लग्नाले जाऊन राह्यली का?" आणि तू म्हणतेस, "हो, तुह्याच नवऱ्यासंग." काकू हसत सुटते. तेवढ्यात तुझा श्वास जागेवर येतो आणि तू गुंड उचलतेस. रोवण्याच्या रांगेत तू दोन वर्षं उतरली नव्हतीस. बांधावर लेकरं सांभाळते म्हणायचीस, आणि बायकांना त्यात सोयच वाटायची. मी एकदा गुंड घ्यायला धावले तर हातावर चापट मारलीस. "पुस्तक घे हाती. गुंड माहा हाये." नर्सबाई घरी आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, काही त्रास आहे का. तू माझ्याकडे पाहिलंस. माझी दहावी होती. "नाई," तू म्हणालीस. निकाल लागला तेव्हा तू नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं की आपला प्रश्नच चुकतो आहे. ज्यांनी कामंच सोडली त्यांना ती करताना त्रास कसा होणार? त्यांनी शांतपणे ऐकलं. "प्रश्न बदलता येणार नाही. सगळीकडे हाच विचारतात, म्हणून तर उत्तरं शेजारी ठेवून बघता येतात. पण खाली शेऱ्याची जागा आहे ना? तिचा नवरा बोलला ते तू ऐकलंस आणि लिहिलं नाहीस. ती चूक फॉर्मची नाही." मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं.

रविवारी मी परत त्या गावी गेले. आधी फॉर्म काढलाच नाही. धडधड लागल्यापासून काय काय करायचं सोडलं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "रोवण्यात जात नाई. लेकीच्या गावी जात नाई, गाडीत चक्कर आली तं?" मग हळूच म्हणाली, "नातवाले कडेवर घेत नाई. हातातून पडला तं का करू?" नवरा दारातच थबकला. "मले तं कधी सांगतलं नाई." "तुमी इचारलं कधी?" ती म्हणाली. मग मी छापलेला प्रश्न पुन्हा वाचला. या वेळी तिनं वेळ घेतला. "सहा लिव," म्हणाली. शेऱ्याच्या जागेत मी तिचं सगळं बोलणं तिच्याच शब्दांत लिहिलं.

आता तुला सांगायचं ते सांगते. तू सारखी केस का बांधायचीस ते नर्सबाई विचारत होत्या तेव्हाही मला माहीत होतं, माय. तू हो म्हणाली असतीस तर घरचं पाणी आणि चूल माझ्याकडे आली असती. म्हणून मी गप्प राहिले, आणि तू नाही म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. मधे मी गठ्ठ्यातून एक कोरा फॉर्म तुझ्यासाठी काढून ठेवला होता. पेन घेऊन कितीदा तरी बसले, पण पहिल्या प्रश्नाच्या पुढे गेले नाही. रविवारी तोच घेऊन गेले. आता त्यावर त्या बाईची उत्तरं आहेत. तो मी सोमवारी जुन्या फॉर्मला जोडून दिला, आणि जुन्यावर 'चूक माझी' असं लिहून खाली सही केली.