हुलग्याचं वाण कुणी निवडलं

९ ऑक्टोबर, सोमवार

बीडला प्रशिक्षण. विषय शास्त्रज्ञांसाठी कायदा. निम्मे लोक जेवणानंतर गायब. मी शेवटपर्यंत बसले, खोलीवर जाऊन तरी काय करायचं होतं.

वकीलबाई चांगल्या बोलल्या. पिकाच्या वाणाला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, त्याचा कायदा वेगळा, नोंदणी वेगळी. शेतकरीही स्वतःच्या नावाने वाण नोंदवू शकतो, हे मला धड माहीत नव्हतं. सतरा वर्षांच्या नोकरीत! एक वाक्य उतरवून घेतलं — "नाव लावणं म्हणजे मानपान नव्हे. काम कुणी केलं, तेच लिहायचं."

कसं झालं प्रशिक्षण, असं विचारायला कुणी नाही. म्हणून इथे लिहिलं.

१० ऑक्टोबर

परत संशोधन केंद्रावर. केंद्रप्रमुख सुंदरराव सरांनी बोलावलं. आपल्या हुलगा-१४ च्या नोंदणीचा अर्ज करा म्हणाले. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. मी हो म्हटलं.

सात वर्षं झाली या वाणाला. बाकी हुलग्याच्या शेंगा वाळल्या की तडकतात, निम्मे दाणे रानातच सांडतात. याच्या तडकत नाहीत. सात वर्षांत एवढीच एक गोष्ट माझ्या हातून झाली, असं मला वाटत होतं.

१२ ऑक्टोबर

हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले. एकटीपुरते जमतच नाहीत. उद्याही तेच.

१५ ऑक्टोबर

अर्जात विचारलंय, मूळ बी कुठून आणलं. म्हणून २०१६ ची वही काढली. पान नऊ, अक्षर माझंच —

"शिरूर कासारजवळची वस्ती. जानकीबाई. न तडकणाऱ्या शेंगांचे वेल ओळखून त्यांचं बी वेगळं राखतात. बरीच वर्षं."

मग मी काय केलं? ओळीत पेरलं, भेसळ उपटली, तीन हंगाम मोजमाप घेतलं. तेही कामच आहे. पण निवड माझी नाही. मी विसरले होते, का मला विसरायचंच होतं?

१८ ऑक्टोबर

सरांना पान दाखवलं. "मॅडम, बी कुठल्यातरी शेतातूनच येणार ना. ते काय आभाळातून पडतंय?" मग हळूच, "वही तुमची, पान तुमचं. मला कशाला दाखवता?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं.

खरं लिहिते. खोलीवर आल्यावर ते पान चिमटीत धरलं होतं. बराच वेळ. फाडलं नाही.

४ नोव्हेंबर

शिरूरला गेले, तिथून वस्तीवर. जानकीबाई ओळखतील असं वाटलं नव्हतं. भांडीकुंडी बांधत होत्या, ऊसतोडीची टोळी परवा निघणार.

"सात वर्सं झाली मॅडम. बी नेलं अन् गेलात. आमाला वाटलं, उगवलं न्हाई वाटतं."

उगवलं, म्हटलं. मग अर्जाचं सांगितलं. तुमचं नाव लागलं तर हे वाण दुसऱ्या कुणाला आपलं म्हणता येणार नाही. कंपनीला विकायचं असलं तर आधी तुम्हाला विचारावं लागेल. तुम्ही पेरा, राखा, शेजारी द्या, काही आडकाठी नाही.

त्या दोरीची गाठ मारत राहिल्या. "माझंच नाव?"

"निवड तुमची आहे ना."

"बगू. फोन करते," एवढंच म्हणाल्या. चहा मात्र पाजला, गुळाचा.

६ नोव्हेंबर

सरांना लेखी दिलं. मला नाव नको, हे शेतकऱ्याचं वाण आहे. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे न बघता आवक शिक्क्यासाठी पुढे सरकवला.

चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही.

८ नोव्हेंबर

भावाचा फोन. "लोक नाव लावायला मरतात अन् तू खोडतेस. आता सांगायला तरी काय उरलं तुझ्याकडं?"



१४ नोव्हेंबर

दिवाळी. केंद्र बंद. पाच दिवसांत फक्त दूधवाल्याशी बोलले.

१९ नोव्हेंबर

जानकीबाईंच्या नावाचा अर्ज पूर्ण केला. अंगठा, फोटो, सरपंचाचा दाखला बाकी. जानकीबाई परत येईपर्यंत थांबायचं की त्यांच्या उसाच्या फडावर जायचं? उद्या ठरवते.

२० नोव्हेंबर

जानकीबाईंचा फोन. मागे कोयत्यांचा आवाज.

"मॅडम, फारम धाडला का? धाडू नका. खोटं व्हईल. ते बी मी न्हाई निवडलं, माझ्या थोरल्या जावंनं निवडलं, मंजुळाबाईनं. मी निस्तं राखलं. वाटणीत भांडान झालं, ती आष्टीकडं गेली. अठरा वर्सं आमचं बोलणं न्हाई. तवा सांगायला जीभ उचलली न्हाई."

"आता काय करू या?"

"तिचं नाव लिवा. आदी तिचं. मी इतवारी येते आष्टीला. पर तिच्या दारात मी एकली जाणार न्हाई. तुमी संगं चला."

येते, म्हटलं.