चार उरलेले प्लाय आणि तीन मॅनेजर

१ जून, सकाळी ६.१०
आजपासून रोज डायरी. वाचायला कोणी नाही, त्यामुळे स्पष्ट लिहिता येईल.
क्लासची नवी बॅच सुरू. बावीस पदवीधर. अख्खी कंपनी चालवणारं परदेशी सॉफ्टवेअर नव्वद दिवसांत शिकवतो, मग नोकरी. मागच्या बॅचमधल्या कोणाला अजून लागलेली नाही. मार्केट थंड आहे.

४ जून
संकल्प: कन्येवर चिडायचं नाही.
जेवताना म्हणाली, मामाच्या प्लायवूडच्या गोदामासाठी ती स्वतःच प्रोग्राम बनवते आहे. त्यासाठी आठवडाभर काउंटरजवळ स्टुलावर बसून आलेल्या सुतारांकडे बघत होती. इंजिनिअर मुलगी! मी शांतपणे सांगितलं की सॉफ्टवेअर करणं म्हणजे घरी स्वेटर विणणं नव्हे. बायको म्हणाली, तुम्ही शांतपणे बोलताना निम्मी भाजी टेबलावर सांडलीत.

९ जून
मेहुण्याचा फोन. तीस तारखेला माझ्या मुलांनी परदेशी सॉफ्टवेअर गोदामात चालवून दाखवलं, तर त्यातल्या पाच जणांना नोकरी. नाहीतर भाचीचा प्रोग्राम घेणार.
पाच नोकऱ्या म्हणजे क्लासच्या बोर्डावर पाच फोटो. जागा तीन वर्षांपासून मोकळी ठेवलीच आहे.

१५ जून
सॉफ्टवेअरचं लायसन्स मार्चमध्येच संपलं, पण अडलं काही नाही. जुन्या स्क्रीनच्या झेरॉक्स वाटल्या आहेत. मुलं कागदावर बोटाने क्लिक करतात. स्पीड उत्तम.
पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, हे बटण इथे का असतं. म्हणालो, परीक्षेत 'का' विचारत नाहीत.

१७ जून
चष्मेवाली यायची बंद झाली. चिकाटी नाही.

२२ जून
ठरवलं होतं गोदाम बघून यायचं. गेलो नाही. भुशाने शिंका येतात. शिवाय चांगली पद्धत सगळीकडे सारखीच असते, बघायचं काय त्यात.

३० जून, सकाळी ८.००
एका दिवसाचं ट्रायल लायसन्स मिळवलं. सगळ्यांना टाय घालायला लावले. मेहुणा बघतच राहील.

३० जून, दुपारी २.३०
बघत राहिला.
पहिलंच गिऱ्हाईक एक सुतार. काल दहा प्लाय नेले, सहा लागले, चार टेम्पोतून परत आणलेले. इथे तसंच चालतं म्हणे. अंदाजाने दोन-चार जास्त न्यायचे, उरलेले परत, लागले तेवढ्यांचंच बिल. हे मला आधी कोणी सांगितलं नाही.
सॉफ्टवेअरने परत घ्यायला तीन मंजुऱ्या मागितल्या: विक्री मॅनेजर, गुणवत्ता मॅनेजर, गोदाम मॅनेजर. गोदामात एकच मुनीम. मी प्रसंगावधान राखून तीन विद्यार्थ्यांना जागच्या जागी मॅनेजर केलं. विक्रीने मंजूर केलं. गुणवत्ता दहा मिनिटं बटण शोधत होती, कारण झेरॉक्समध्ये ते डावीकडे आहे. तिसऱ्याचं बोट घाईत 'नाकारा'वर पडलं आणि सॉफ्टवेअरने सुताराचं खातंच बंद केलं.
सुताराने विचारलं, साहेब, परत घेताय, की या चारांचं टेबल करून टाकू?
कन्येच्या स्क्रीनवर एक बटण होतं, 'उरलेले परत'. तिने चार लिहिलं. सुतार गेला.
बटणाचं हे असलं नाव मला प्रोफेशनल वाटत नाही.
मुलांनी टाय काढून खिशात कोंबले. एकाने हळूच विचारलं, सर, आता आमचं काय. मी झेरॉक्स गोळा केल्या.

२ जुलै
मेहुणा तसा दिलदार. पाच जणांना घेतलं, पण कन्येच्या हाताखाली. आणखी दोन गोदामांनी तिचा प्रोग्राम मागितला आहे. चष्मेवाली तिथे पंधरा दिवसांपासून कामाला आहे, हे आज कळलं. सगळे कन्येला मॅडम म्हणतात.
बोर्डावर पाच फोटो लावले. शेवटी पाया कोणी घातला?

५ जुलै
कन्येने मलाही बोलावलं. सल्लागार म्हणूनच असणार. नवा टाय काढून ठेवला.

६ जुलै, संध्याकाळी ७.००
टाय काढायला लावला, कटिंग मशीनमध्ये अडकतो म्हणे. मग स्टूल दिलं. कन्या म्हणाली, बाबा, आठवडाभर नुसतं बसा, कोणाला काही शिकवू नका, आणि कळलं नाही तर 'का' विचारा.
अकरा सुतार आले. दहा जणांना काय विचारावं ते सुचलं नाही. अकराव्याला विचारलं, जास्तीचे प्लाय का नेता. तो म्हणाला, माप चुकणार हे आपल्याला माहीत असतं ना, म्हणून.
वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी चष्मेवालीने शिकाऊंची हजेरी घेतली. माझा नंबर सहावा.