पातं कधी बदलायचं

धुळे,
१० फेब्रुवारी १९९१

प्रिय अक्का,

तुझं पत्र आणि पेढ्यांचा पुडा, दोन्ही नर्मदाबाईंच्या हातून मिळालं. पुडा त्यांनी वाटेतच फोडला होता, पण ते असू दे. तुझ्या कुमुदचा साखरपुडा झाला, पोरगी आता धुळ्यात येणार, तीही माझ्या डोळ्यांसमोर! मन भरून आलं गं. अक्षर वाकडंतिकडं दिसलं म्हणून हे पत्र कुणाकडून लिहवून घेतलंय असं समजू नकोस. माझंच आहे. उजव्या हाताचं अक्षर तू ओळखायचीस, हे डाव्या हाताचं. मी बालवाडीत कामाला आहे, तिथली पोरं आणि मी बरोबरीनं गिरवतो, आणि खरं सांगू का, त्यातली दोन-तीन पोरं माझ्या पुढे गेलीत.

इतक्या वर्षांत तुझं साधं पोस्टकार्ड नाही, आणि दिवाळी झाल्यावर एकदम चार पानं लिहिलीस: कोकिळे, तू नर्मदाबाईंच्या आवारातच राहतेस, त्यांच्या धाकट्या पंडितसाठी आमच्या कुमुदचं बघ, त्यांच्या कानावर एक शब्द घाल. घातला की! एक का, दहा घातले. पोरगी कामाला वाघ आहे म्हटलं, उलट उत्तर देत नाही, सांगाल ते मान खाली घालून करते. नर्मदाबाई खूश झाल्या. त्यांना तेवढंच हवं होतं. कुमुद माझं बोट धरून चालायला शिकली, तू दुकानात बसायचीस तेव्हा तिची वेणी मी घालायचे. तिच्याबद्दल खोटं बोलायची मला गरजच नव्हती.

आपल्या दोघींचं लग्न एकाच मांडवात झालं ते आठवतं ना? बन्सीभाऊ तुला, वाल्मीक मला. धरणगावात माय सगळ्या गल्लीला सांगत फिरायची, मन्या दोन्ही पोरी एकच घरमा शेतस, माले काय चिंता! बिचारी. दोन्ही पोरी एकाच घरात, तिला वाटलं, बहीणच जाऊ म्हटल्यावर सासुरवास कसला? आणि रावेरला पहिली काही वर्षं तसं होतंही, नाही म्हणणार नाही. केळीच्या वेफर्सचं काम तूच मला शिकवलंस. हाताला खोबरेल चोळायचं म्हणजे चीक लागत नाही, किसणी कढईवर आडवी धरायची, आणि केळं असं सरकवायचं की चकत्या थेट तेलात पडतील. पातं कधी बदलायचं तेही तूच शिकवलंस. पातं नवं असलं की सर्र आवाज येतो, खर्र यायला लागला की समजावं. चकतीची कड दातानं कुरतडल्यासारखी दिसते, एका बाजूला जाड पडते, मधे कच्ची राहते आणि संध्याकाळी डब्यात नरम होते. सुरुवातीला दगडावर घासून चालतं. पण घासून घासून पातं अरुंद झालं की फट वाढते, मग कितीही धार लावा, ते कापत नाही, नुसतं ओढतं. आणि ओढायला लागलं की हाताला जोर लावावा लागतो. जोर लावायची वेळ आली की पातं गेलं म्हणून समज, असं तूच म्हणायचीस. किती शहाणी होतीस तू!

तो श्रावण होता. उपासाच्या वेफर्ससाठी जळगावहून रोज माणूस येऊन बसायचा. शुक्रवारी दुपारी मी तुला सांगितलं, अक्का, माझ्या किसणीचं पातं गेलं गं, ओढतंय. नवी पाती तुझ्या कपाटात होती, किल्ली तुझ्या कमरेला. तुझ्या किसणीला तर आदल्याच दिवशी नवं बसलं होतं. तू म्हणालीस, आता तिन्हीसांजा होतील, आणि उद्या शनिवार, शनिवारी नव्या लोखंडाला आपल्या घरात कुणी हात लावत नाही, आबांना चालत नाही. रविवारी पूजा करून बसवू. मी काय म्हणणार? सासऱ्यांचं नाव काढलं की त्या घरात तोंड बंद. आजवर विचार करते, नव्या लोखंडाला शनिवार आडवा येतो, मग जुनं पातं काय सोन्याचं होतं? शनिवारी सकाळी मी पुन्हा म्हटलं तेव्हा तू कामाच्या बायकांसमोर हसलीस. जोर लाव की जरा, माहेरी काय ताकावर वाढलीस का? त्याच माहेरी तूही वाढलीस, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्या हसल्या. मग मी लावला जोर.

किसणी कढईच्या काठावरून निसटली आणि तिच्यामागे माझा हात, मनगटापर्यंत. अक्का, त्याचं मी तुला कधी बोलले नाही. हात कुणाचाही निसटतो. पण मी ओरडत खाली पडले होते, खालून मला तू दिसत होतीस, आणि तू आधी घाणा काढलास. झाऱ्यानं. चकत्या करपतील म्हणून. सगळा घाणा निथळून परातीत काढलास, कढईखालची लाकडं ओढलीस, आणि मग माझ्याकडे वळलीस. जळगावच्या दवाखान्यात पोलीस विचारायला आला तेव्हा मी सांगितलं, माझाच पाय घसरला. तू माझ्या उशाशी बसून माझं डोकं कुरवाळत होतीस. तुझ्या पदराला तळणीचा वास येत होता. मला वाटलं, बहीण आहे, रडेल कधीतरी माझ्यापाशी. तू त्या वेफर्सचं काय केलंस तेही मला नंतर कळलं. विकलेस.

हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. वाल्मीक चार दिवस रडला, पाचव्या दिवशी जेवला. त्याला मी दोष देत नाही. त्याला कोणी ऊठ म्हटलं की तो उठतो आणि बस म्हटलं की बसतो. मला विश्रांतीसाठी म्हणून धुळ्याला मामींकडे धाडलंत, आणि पुढचा श्रावण यायच्या आत तू त्याच्यासाठी दुसरी बघितलीस. फारकतीच्या कागदावर माझा डाव्या हाताचा अंगठा घ्यायला बन्सीभाऊ आले, सोबत तू पाठवलेले लाडू. कढईपाशी बाई हवी होती, मला समजतं. पातं बदलायला तुला मुहूर्त लागत होता. मला बदलायला लागला नाही.

आता कुमुदच्या घराबद्दल लिहिते. तुला ऐकायचं असेलच. बन्सीभाऊ बघायला आले ते ओट्यावर बसले, चहा प्यायले, रंगीत टीव्ही आणि दावणीच्या म्हशी पाहिल्या आणि गेले. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुरुष कोणी जात नाहीत. तिथं म्हशींसाठी कडबा बारीक कापायचं कुट्टीचं यंत्र आहे, मोटरवर चालतं, आणि ते या घरच्या सुना चालवतात. माझी खोली त्या शेडला लागून. रोज पहाटे मोटर सुरू झाली की मी अंथरुणातच ओळखते, पाती गेलीत. कुट्टी कापून पडत नाही, चघळल्यासारखी दोरे दोरे पडते, तोंडाशी कडबा तुंबतो, आणि मग तो हातानं आत रेटावा लागतो. नर्मदाबाई म्हणतात, अजून एक वर्ष सहज जाईल. मी त्यांना काही म्हटलेलं नाही. त्यांची मोठी सून पार्वताबाई तुला फार आवडली असं लिहिलंस. किती मर्यादेची बाई, साखरपुड्याला दिवसभर डोक्यावर पदर आणि हात काही पदराबाहेर काढला नाही! अगं, बाहेर काय काढेल? त्या हाताला दोनच बोटं उरलीत. बाकीची त्या यंत्रात गेल्यापासून तिच्यानं कुट्टी होत नाही, म्हणून तर पंडितच्या लग्नाची एवढी घाई. धाकटी आली की ते काम धाकटीकडे.

हे साखरपुड्याच्या आधी लिहिता आलं असतं. मुद्दाम नाही लिहिलं. आधी लिहिलं असतं तर तू कुंडलीचं काहीतरी निमित्त काढून अलगद मोकळी झाली असतीस, तुला मी ओळखते. आता साऱ्या रावेरनं पेढे खाल्लेत, आता मोडायचं तर कारण द्यावं लागेल. तेव्हा ऐक. लग्न वैशाखात आहे. त्याआधी इथं ये, नर्मदाबाईंच्या ओट्यावर, चार बायकांत उभी राहा आणि सांग की शुक्रवारी मी काय मागितलं होतं आणि शनिवारी तू आधी काय बाहेर काढलंस. तेवढं तुझ्या तोंडून निघालं की मी स्वतः हे लग्न मोडते आणि कुमुदला माझ्याकडे ठेवून घेते, तिच्या नावाला बट्टा लागू देणार नाही. आणि तुझ्या तोंडून नाही निघालं, तर मीही गप्प. मला गप्प राहायची सवय तूच लावलीस. कुमुदला मी यातलं काहीच कळवलेलं नाही. काल तिचंही पत्र आलं. लिहिते, मावशी, परक्या गावात जायचं म्हणून सगळ्या मैत्रिणी रडतात, पण तू तिथं शेजारीच आहेस, मला कसलीच भीती वाटत नाही.

तुझीच धाकटी,
कोकिळा