थांबा क्रमांक ४१

४ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. तीन दिवस उशीर झाला, पण विचारपूर्वक केलेले आहेत. विद्यापीठात रोज बसने जायचं. बारा वर्षं सार्वजनिक वाहतुकीवर संशोधन करतोय, निदान कार्ड तरी काढावं. दर रविवारी आईला भेटायचं. आणि या वर्षी प्रोफेसर व्हायचंच.

६ जानेवारी
गाडीनेच गेलो. लॅपटॉप, दोन जाडजूड पुस्तकं, शिवाय माझी पाठ. बसचं कार्ड ज्या खिडकीवर मिळतं, तिथे जायला बस सोयीची नाही. यावर एक पेपर होऊ शकतो.

१८ जानेवारी
बसकंपनीचं काम मिळालं! टेकडीकडच्या मार्गावरचे कमी वापराचे थांबे काढून फेरी वेगवान करायची. विभागप्रमुखांना मी मनातल्या मनात 'सिग्नल' म्हणतो, कारण ते कायम लाल असतात. आज हिरवे होते. म्हणाले, पेपर चांगल्या जर्नलमध्ये आला तर मेमधल्या मुलाखतीत तुम्हाला कोण अडवतंय?
संध्याकाळी बाबांचा फोन. आई आता फक्त त्यांच्याच हातून जेवते म्हणे. नर्सने चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटते. म्हणून ते रोज दुपारी सुपाचा डबा घेऊन केअर सेंटरला जातात. टाकीच्या स्टॉपला उतरलं की समोरच फाटक, त्यामुळे काही त्रास नाही म्हणाले. तू कधी येतोस, असंही विचारलं. रविवारी नक्की येतो म्हणून सांगितलं.

९ फेब्रुवारी
रविवार होता, पण डेटा आला. थांब्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. हे मला आवडतं, नावांनी माणूस हळवा होतो.
थांबा ४१ भलताच गमतीदार. तिथे एकच कार्ड दिसतं. दुपारी उतरतं, तासा-दीड तासाने परत चढतं. सुट्टी नाही, आजारपण नाही, कंटाळा नाही. आकडेमोड बघणारा माझा सहकारी (सगळे त्याला दशांश म्हणतात) म्हणाला, असेल कुणीतरी, राहू दे की. त्याला शांतपणे समजावलं, की माणसं इतकी नियमित नसतात. माझा स्वतःचा अनुभव आहे. हा यंत्रातला बिघाड. नोंदी काढून टाकल्या. ४१ वरची मागणी शून्य. आलेख आता देखणा दिसतो.

२ मार्च
आज आईकडे जायचं अगदी पक्कं होतं. पण पेपर रंगात आला. थांबा काढला तर प्रवाशाला किती चालावं लागेल, हा भाग राहिला होता. चालण्याचा वेग मी माझाच धरला. कॅन्टीनकडे जातानाचा. फरक नगण्य येतो.

३ एप्रिल
थांबे निघाले. बस वेळेआधी पोचते. वर्तमानपत्रात माझा फोटो, डोळे जरा मिटलेले. एकही तक्रार आलेली नाही! हे वाक्य माझ्या पेपरात घातलं. सिग्नल म्हणाले, हेच वाक्य तुम्हाला प्रोफेसर करणार.

१३ एप्रिल
आईला भेटून आलो. मागच्या रस्त्याने गाडी थेट दारापर्यंत जाते. आई झोपली होती. फार वाळली आहे, मनगट बघवलं नाही.
बाबा माझ्यानंतर पोचले. घामाने निथळत होते, सूप डब्यातून पिशवीत सांडलेलं. म्हणाले, टाकीचा स्टॉप कुणा शहाण्याने बंद करून टाकला. आता खालच्या चौकात उतरून चढण चढतात, मध्ये कठड्यावर टेकतात. गुडघे ऐकत नाहीत. पोचेपर्यंत आई वाट बघून झोपून जाते, मग उठवलं तरी खात नाही. तू त्याच लाइनमधला ना, कुणाला तरी सांग की रे, म्हणाले.
मी म्हणालो, चौकशी करतो.
घरी येऊन नकाशा उघडला. टाकी म्हणजे ४१.
जेवलो नाही. म्हणजे थोडंच जेवलो. उद्या सकाळी पहिलं काम, बसकंपनीला पत्र.

१४ एप्रिल
पत्र उत्तम झालंय. पाठवलं नाही. पेपर स्वीकारला गेलाय. आता थांबा परत सुरू केला तर त्या वाक्याचं काय? प्रश्न फक्त मुलाखतीपर्यंतचा आहे. तोवर बाबांना रोज दुपारी मी स्वतः गाडीने सोडणार. खरं म्हणजे बसपेक्षा हे कितीतरी बरं.

१७ एप्रिल
परवा सोडलं. वाटेत बाबा खूप बोलले, बरं वाटलं. काल मीटिंग निघाली. आज चर्चासत्र. विषय: कुणालाही मागे न ठेवणारं शहर. मी बीजभाषण केलं. बाबांना फोन करून टॅक्सी करा म्हणालो. ते म्हणाले, तू नको काळजी करू, मी जातो हळूहळू.
सोमवारपासून मात्र रोज.

५ मे
आईला सलाइन लावलंय. ताई परगावाहून आली. बाबांना तिथेच राहू द्या म्हणून तिने केअर सेंटरशी भांडून पाहिलं, नियमात बसत नाही म्हणाले. मग मला विचारलं, तुझी मुलाखत झाल्यावर आईकडे बघायचं का? उपरोध तिला लहानपणापासून येतो. तिला पत्राचं माहीत नाही. पत्र ड्रॉवरमध्ये आहे. तारीख तेवढी बदलायची.

१४ मे
मुलाखत झकास. तुमच्या संशोधनाने लोकांच्या आयुष्यात काय फरक पडला, असं विचारलं. मुद्देसूद उत्तर दिलं.
बाहेर येऊन फोन सुरू केला. आई दुपारी गेली. ताई औषध आणायला खाली उतरली होती. बाबा चढणीवर, कठड्यावर टेकले होते. डबा मांडीवर.

३० मे
प्रोफेसर झालो. सिग्नलनी मिठी मारली. बाबांना फोन केला. छान झालं म्हणाले. मग म्हणाले, तिला सांगायला हवं होतं.
पत्र पाठवलं. त्यात ज्येष्ठ नागरिकांवर एक परिच्छेद वाढवला. दुसऱ्या पेपरला पुरेल.

२२ जून
थांबा ४१ आजपासून पुन्हा सुरू. बसकंपनीने मला संवेदनशील संशोधक म्हटलंय.
रविवार. बसने गेलो. कार्ड नव्हतंच, बाबांचं मागून घेतलं. आता मला काय करायचंय ते, म्हणाले. यंत्राला कुठे लावायचं ते कळेना. ड्रायव्हरने हात धरून दाखवलं. टाकीला मी एकटाच उतरलो. समोरच फाटक. वॉचमनने विचारलं, कुणाला भेटायचंय? रडू आलं, भर उन्हात, त्याच्यासमोर. त्याने खुर्ची दिली.
परतीच्या बसची वाट बघत बसलो. उद्याच्या डेटात ४१ वर तेच कार्ड दिसेल, दुपारी उतरलेलं आणि परत चढलेलं. दशांश मला विचारायला येईल, बिघाड आहे का म्हणून.
हो म्हणून सांगेन.