पाहुणे हजर आहेत

सोमवार, ४ ऑगस्ट
आज तुंगार्लीच्या बंगल्यात सामान टाकलं. स्वयंपाकघरामागे माझी खोली, खिडकीला जाळी, बाहेर पेरूचं झाड. आणखी काय पाहिजे बाईमाणसाला? शनिवारी माझी रुमाईसा हॉस्टेल सोडून येतेय. तिचे अब्बा गेल्यापासून आम्ही मायलेकी एका छपराखाली राहिलोच नाही. राहायला जागा मिळते म्हणून तर ही केअरटेकरची नोकरी धरली. मालक सुहासभाऊ पुण्याला असतात, बंगला सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं देतात. म्हणाले, शहनाजमावशी, काळजी नको, दारं, दिवे, गीझर, सगळं मोबाईलच्या अ‍ॅपवर चालतं. दारांना कडी नाहीच. आतून काय, बाहेरून काय, बोट लावायचं, दार उघडतं. मला तर मजाच वाटली.

मंगळवार, ५ ऑगस्ट
मजा कसली, डोंबलाची! हॉलचा दिवा दाबला, वरचा गीझर लागला. गीझर बंद केला तर फाटकाचं कुलूप उघडलं. वर अ‍ॅप म्हणतं, काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. काय चुकलं, कुणाचं चुकलं, सांगेल तर शप्पथ. माझ्या सासूचीही हीच तऱ्हा होती.

भाजे गावाहून झाडलोटीला बयाबाई येते, ती पोट धरून हसली. मग तिनं इथली युक्ती शिकवली. धुकं उतरलं की रेंज जाते, पाहुण्यांना दार उघडत नाही, मग ते बाहेर उभे राहून शिव्या घालतात. म्हणून इथले केअरटेकर सकाळीच, पाहुणे यायच्या आधीच, ‘आले’ म्हणून नोंद करून टाकतात. समदेच करत्यात, म्हणाली. उद्या एकच पाहुणा आहे. त्याची नोंद मीही तशीच करणार.

गुरुवार, ७ ऑगस्ट
काल पाहुणा आलाच नाही. सुहासभाऊ म्हणाले, बुकिंग रद्द. पण अ‍ॅप ऐकेल तर ना! पाहुणे हजर आहेत, म्हणतं. ते काढायला पाहुण्यानंच आपल्या फोनवरून ‘निघालो’ दाबायला हवं. जो आलाच नाही तो निघणार कसा? हेल्पलाइनवाला म्हणाला, बंद करून चालू करा. फोन केला, राउटर केला, मेन स्विच केला. आता मलाच बंद करून चालू करायचं राहिलंय.

दुपारी वरचा गीझर आपोआप लागला. अ‍ॅपला वाटतंय माणूस आहे, तर घालू दे अंघोळ.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
वरच्या बाथरूमची फरशी ओली होती. नळ गळत असेल म्हणून पुसली. पण टॉवेलही ओला.

मग अ‍ॅपवर मागणी आली. चहा, बिनसाखरेचा. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, आणि खरं म्हणजे मी चिडलेही होते. घे बाबा एकदाचा, म्हणून कप जिन्यात ठेवला. परत आले तर कप रिकामा.

बयाबाईनं तो पाहिला आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, मी काय वर जानार न्हाई, आन् तुमीबी हितं राहू नका. तशीच निघून गेली. सुहासभाऊ फोनवर हसले. सॉफ्टवेअरचा घोळ आहे, उद्या अपडेट येईल. पण बंगला सोडून गेलात तर खोली दुसऱ्याला देईन, हेही म्हणाले. मी कुठे जाऊ? उद्या पोर येतेय. भीती वाटतेय मला.

शनिवार, ९ ऑगस्ट
अपडेट आलं. पाहुणे निघाले, असं अ‍ॅपनंच सांगितलं. हुश्श! रुमाईसासाठी शेवयांची खीर केली.

दुपारी
खोलीचं दार उघडत नाही. बोट पुसून लावलं, दुसरं लावलं. अ‍ॅप म्हणतं, आपण निघून गेला आहात. आणि त्याखाली लिहिलंय — केअरटेकर शहनाज हॉलमध्ये आहेत.

मी खोलीत आहे. हॉलमध्ये कोण —

रुमाईसाचा मेसेज. स्टेशनवर उतरली, रिक्षा मिळाली. येऊ नकोस, लिहिलं. जात नाही. धुकं. रेंज गेली.

रिक्षा थांबली. मी खिडकीच्या जाळीवर तांब्या आपटतेय. मागच्या बाजूचं कुणाला ऐकू —

पुढचं दार उघडलं. आतून.

रुमाईसा हसतेय. म्हणतेय, अम्मी, हात किती गार पडलेत गं तुझे. म्हणतेय, चल ना, वरच्या खोल्या दाखव —

रुमाईसा, ती मी नव्हे, मी इथे