शेवळं, काकडं आणि माझा डेमो

८ जून, रविवार
शुक्रवारी शहापूरच्या शाळेत डेमो लेक्चर. विज्ञान शिक्षकाची एकच जागा, परमनंट. विषय : सजीवांचे अनुकूलन. उमेदवार दोन, मी आणि छाया मॅडम. म्हणजे खरं तर एकच. बाई तक्ते रंगवून आणणार. उंट, पांढरं अस्वल. आमच्या सापगावात अस्वल कोणी पाहिलंय?
मी प्रयोग दाखवणार. शेवळांची रानभाजी, तिची खाज मारणारी काकडाची आंबट फळं न घालता, कमिटीसमोर खाणार आणि लगेच भाषण ठोकणार. सजीव परिस्थितीशी जुळवून घेतो, सिद्ध!
इतकी वर्षं तासिकेवर काढली. ही जागा हुकली तर आटगावच्या गोडाऊनमध्ये खोके उचलायचे. हुकणार नाही.

९ जून
जनाबाई शेणव्याच्या रानातली शेवळं घेऊन दारावर आली. काकडं नकोत म्हटल्यावर हसली. म्हणे, मास्तर, घसा धरंल, गुरा पन तोंड नाय लावत त्याला. गुरांचं बी.एस्सी. झालेलं नसतं, हे तिला कोण सांगणार?
माधुरीने अशी भाजी रांधायला साफ नकार दिला. बायको असून विश्वास नाही. स्वतः केली. एक घास. जिभेला सुया टोचल्या. सवय लागतेय.

१० जून
दोन घास. ओठ जरा जाड. माधुरी म्हणे, अवो, जुनी मानसा काय येडी होती काय? होतीच. पिढ्यान्‌पिढ्या काकडं घालत आली, एकानेही का म्हणून विचारलं नाही.

११ जून
वाटीभर! डोळ्यांतून पाणी. माधुरीने आमसूल चोखायला दिलं, बरं वाटलं. योगायोग.

१२ जून
आज विश्रांती. पैलवानसुद्धा कुस्तीआधी आराम करतो. फक्त गिळता येत नाही. दुपारी जरा भीती वाटली. भाजी मात्र करून ठेवली.

१३ जून, संध्याकाळ
पहिला नंबर माझा. दोन चमचे खाल्ले. 'सजीव' एवढंच बाहेर पडलं. मग खोकला, लाळ, थोडी हेडसरांच्या फायलीवर. मला कोपऱ्यात बसवलं.
छाया मॅडमनी तक्ते उघडलेच नाहीत. म्हणाल्या, शेवळाला पळता येत नाही, म्हणून ते अंगात बारीक सुया बाळगतं. खाणारा पुन्हा वाटेला जात नाही. माणूस हुशार, त्याने काकडं शोधली. आणि कोणी जुळवून घेतलं नाही तर काय होतं, ते बघा, असं म्हणून माझ्याकडे हात केला. टाळ्या. जागा त्यांना.
प्रयोग माझा होता, हे त्या कमिटीच्या डोक्यातही आलं नाही. निषेध करणार होतो. आवाज फुटेना.
माधुरी दारातच उभी होती. म्हणाली, झाला काय काम? तोंडाने सांगावं लागलं नाही, तेवढंच बरं.